मागे व्रण, माथ्यावर विरळ केस : स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन करून घेऊ का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

वय ३३. बावीस-तेवीसचा असताना कानशिलांवरचे केस मागे सरकायला लागले आणि सव्विसाव्या वर्षी मी हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. पट्टीच्या पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूची त्वचेची एक पट्टी कापून काढतात, तिचे ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट केसांचे बारीक तुकडे करून पुढे लावतात आणि मागे टाके घालतात. १८०० ग्राफ्ट लावले. कपाळावरची रेघ सुरेख आली. दोन वर्षं मी आरशासमोर उगाच रेंगाळायचो. सोबत मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध लावायला सांगितलं होतं, ते वर्षभरात सोडलं. केस आलेत, आता कशाला, असं वाटलं. पुढे लावलेले केस अजून जागेवर आहेत, पण त्यांच्यामागचे माझे मूळचे केस जात राहिले. आज समोर तीन बोटं रुंद केसांची झालर, तिच्यामागे जवळजवळ रिकामा पट्टा आणि माथ्यावर तळहाताएवढी विरळ जागा.

मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत व्रण आहे, मधोमध ४ मिलिमीटर रुंद. त्यामुळे सरळ डोकं भादरून मोकळं व्हायची वाटही बंद. केस कापायला बसलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मागून बारीक करू नका."

रोज सकाळी २० मिनिटं केसांसारख्या तंतूंची पूड माथ्यावर भुरभुरवतो, वरून स्प्रे मारतो. गेल्या महिन्यात भाची मांडीवर बसली होती. तिने लाडाने डोक्यावरून हात फिरवला आणि तिचे हात काळे झाले. तिने काही विचारलं नाही, फ्रॉकला पुसले आणि खेळायला गेली. माझ्या मनातून ते दोन दिवस हललं नाही.

पुन्हा शस्त्रक्रिया करायची नाही, हे नक्की ठरवलंय. म्हणून स्काल्प मायक्रोपिगमेंटेशनबद्दल वाचतोय, ज्यात सुईने त्वचेत रंगाचे बारीक ठिपके भरतात आणि ते भादरलेल्या केसांच्या खुंटांसारखे दिसतात. फोटो बघून भारावून जायला होतं आणि त्याचीच भीती वाटते, एकदा मी फोटो बघूनच निर्णय घेतला होता. ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा, जवळून ते खरं वाटतं का? व्रणावर रंग धरतो का? आणि काही वर्षांनी निळं पडतं म्हणतात, ते कितपत खरं?

रानवाट

तुमची पोस्ट वाचून सहा वर्षांपूर्वीचा मी समोर उभा राहिला. माझंही पट्टीचं ट्रान्सप्लांट, मागे तसाच व्रण, पुढे तशीच झालर. एकेचाळिसाव्या वर्षी ठिपके करून घेतले, आता सत्तेचाळीस.

आधी त्या झालरीबद्दल. १९५९ मध्ये नॉर्मन ऑरेंट्राइख नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की डोक्याच्या मागून काढलेला केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, टिकतो. अख्खी ट्रान्सप्लांटची विद्या त्यावर उभी आहे. पण शेजारच्या मूळच्या केसांना त्याचा काही उपयोग नाही, ते आपल्या गतीने जातच राहतात. तेव्हा औषध सोडल्याचा दोष स्वतःला देत बसू नका. सव्विसाव्या वर्षी तुम्हाला हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं.

आता माझा अनुभव. तीन बैठका झाल्या. पहिली चार तासांची, दहा दिवसांनी दुसरी साडेतीन तासांची, महिन्याने तिसरी दीड तासाची. माथ्यावर फार दुखलं नाही, पण कपाळाजवळ आणि कानांच्या वर चांगलंच झोंबलं. पहिल्या रात्री आरशात बघितलं तर डोकं लालबुंद आणि ठिपके वाटाणे पेरल्यासारखे ठळक. पोटात गोळा आला. पाचव्या दिवसापर्यंत बारीक खपल्या धरल्या, त्या पडल्या आणि निम्मे ठिपके गायब झाल्यासारखे वाटले. तेव्हा पुन्हा पोटात गोळा. पहिली बैठक मुद्दाम फिकी करतात, त्वचा किती रंग धरते ते बघून पुढचा थर देतात, हे मला सांगितलेलं होतं, पण त्या रात्री ते आठवलं नाही. चार-पाच दिवस डोकं धुवायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, महिनाभर पोहायचं नाही, उन्हात उघड्या डोक्याने जायचं नाही. हे सगळं पाळलं.

जवळून खरं वाटतं का? हातभर अंतरावर बसून बोलणाऱ्या माणसाला कळत नाही. कार्यालयात इतकी वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्याला मी स्वतः सांगितलं तेव्हा कळलं. पण बायको म्हणते तेही खरं आहे, हे डोळ्यांना आहे, हाताला नाही. हात फिरवला की बाजूला खरखर लागते आणि माथा गुळगुळीत. कडेने तिरपा उजेड पडला की खऱ्या खुंटाची जी जराशी उठलेली सावली असते, ती ठिपक्याला नसते. त्यात माथा चकाकला तर गोष्ट उघडी पडते. मी न चकाकणारं सनस्क्रीन लावतो, त्याने दोन्ही कामं होतात.

दर दिवसाआड मशीन फिरवावं लागतं. चार दिवस टाळलं की बाजूचे केस वाढून गडद दिसतात, माथा आहे तसाच राहतो आणि दोघांमधली सीमारेषा लांबूनही दिसते. तुमच्या झालरीचंही तेच. ती ठेवून मागे ठिपके भरता येणार नाहीत, तीसुद्धा तेवढीच बारीक करावी लागेल. ज्या रेघेसाठी एवढं सोसलं ती स्वतःच्या हाताने उतरवायची, हे मला सगळ्यात जड गेलं होतं. सुयांपेक्षा जड.

म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि ते मी मनापासून सांगतो. कुठेही नाव नोंदवण्याआधी डोकं शून्य नंबरने भादरा आणि दीड महिना तसेच राहा. व्रण दिसू दे. झाकायला टोपी घालू नका. ठिपके तुम्हाला केस देत नाहीत, ते तुम्हाला भादरलेलं डोकं देतात, जरा भरलेलं. भादरलेल्या डोक्याचा माणूस म्हणून जगणं तुम्हाला मानवलं नाही, तर ठिपक्यांनी ते मानवणार नाही. मी हे न करता गेलो आणि पहिले तीन महिने आरशातल्या माणसाशी माझी ओळखच होत नव्हती.

व्रणाचं बोलायचं तर तिथे माझं एक काम बिघडलं. पहिल्याच बैठकीत व्रणाच्या एका टोकाला रंग पसरला आणि नखाएवढा निळसर डाग पडला. दोनदा लेझर करून तो फिका करावा लागला. बाकी व्रण छान मिसळला, मात्र अजून जरासा खोलगट आहे आणि ते ठिपक्यांनी जात नाही.

सुईदोरा

मी हे काम नऊ वर्षं करते आहे, त्याआधी टॅटू करायचे. रानवाट यांच्या निळ्या डागाचं कारण सांगते, म्हणजे अर्धविराम यांना समोरच्याला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. रंग तिथेच राहिला तर महिन्याभरात निघून जातो. त्याच्या लगेच खालच्या थरात, म्हणजे पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या आतच, तो बसवावा लागतो. त्याहून खोल गेला की दोन गोष्टी होतात. ठिपका शाईच्या थेंबासारखा पसरतो आणि खोलवरचा काळा रंग त्वचेतून बघताना निळसर दिसतो. हातावरच्या नसा निळ्या दिसतात त्याच कारणाने. साध्या टॅटूच्या सवयीने हात चालवला तर डोक्यावर हमखास असं होतं, कारण तिथे त्वचेखाली लगेच हाड असतं आणि मागे-पुढे, माथ्यावर जाडी बदलत जाते. टॅटू येतो म्हणजे हे येतं, असं समजू नका. मलाही नव्याने शिकावं लागलं.

निळं पडण्याचं दुसरं कारण रंगाचं. वेगवेगळे रंग मिसळून काळा-करडा बनवला असेल तर एकेक घटक वेगळ्या वेगाने फिका होतो आणि उरलेल्याची छटा वर येते. लोहाच्या ऑक्साइडचे रंग असतील तर लालसर-तपकिरी झाक येऊ शकते आणि त्यांच्यावर लेझर मारला तर कधीकधी ते उलटे अजून काळे पडतात. कार्बनचा काळा फिका झाला तरी करडाच राहतो. कोणता रंग वापरता, बाटली दाखवा, असं विचारायला लाजू नका.

हे कायमचं असतं का, असंही बरेच जण विचारतात. ठिपक्यातला रंग त्वचेतल्या भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की सुटलेला रंग शेजारी आलेल्या नव्या पेशी उचलतात. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. या देवाणघेवाणीत थोडाथोडा रंग निसटतो आणि ऊन तो आणखी फिका करतं. साधारण तीन ते सहा वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. मला यात वाईट काही वाटत नाही. माणसाचे केस पांढरे होतात, चेहरा बदलतो, तेव्हा फिकं होणारं काम दुरुस्त करता येतं.

व्रणावर काम करताना मी तिथे आधी अगदी थोडे ठिपके टाकून सहा आठवडे थांबते. व्रणाची ऊती कुठे रंग धरत नाही आणि कुठे एकदम शोषते, ते सुई टाकल्याशिवाय कळत नाही. तुमचा व्रण सात वर्षांचा आहे, ही चांगली गोष्ट. वर्षाच्या आतल्या लालसर व्रणाला मी हात लावत नाही. पण अंगावर कुठेही जखमेनंतर फुगलेला, वाढत गेलेला व्रण असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सोरायसिस असेल, चाई पडत असेल, तरीही. अशा त्वचेला सुईने डिवचलं तर रोग नेमका तिथेच उठू शकतो. चाईमध्ये तर केसांची मुळं जिवंत असतात आणि केस परत येऊ शकतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि फोटो बघायचेच असतील तर काम संपल्या संपल्या काढलेले बघू नका. वर्ष उलटल्यावरचे, दिवसाच्या उजेडातले, फ्लॅश न मारलेले मागा. व्रणाचे वेगळे मागा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघायला हवी, यात तडजोड नाही. हिपॅटायटिस बी आणि सी वापरलेल्या सुईतूनही पसरतात.

शेवटचं, कपाळाच्या रेघेबद्दल. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण "अजून जरा खाली घ्या" म्हणतो. पन्नाशीतल्या कपाळाला शोभेल अशीच रेघ मागा, कोपरे थोडे मागे सरकलेले, कड तुटक. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ हे या कामातलं सगळ्यात मोठं अपयश आहे आणि ती पुसायला लेझरच लागतो.

निळीशाई

या धाग्यावर बहुतेक पुरुष वाचत असतील, तरी लिहिते, कारण हे बायकांसाठीही असतं आणि आमचं गणित वेगळं आहे.

अडतिसाव्या वर्षापासून माझा भांग रुंद होत गेला. पुढची रेघ जागेवर, पण मधली वाट पांढरी. आधी डॉक्टरांनी थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घेतला. तिथे दोष निघाला असता तर उपाय तिकडे होता. मग दोन बैठकांत भांगाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या मधेमधे ठिपके भरले. लांब केस तसेच. यात खुंट दाखवायचे नसतात, काळ्या केसांतून चमकणारी पांढरी त्वचा झाकायची असते. त्या कामात ते खरंच उतरलं. वरून दिवा असलेल्या लिफ्टमध्ये मी मान वर करून उभी राहायचे, ती सवय सुटली.

पण दोन गोष्टी. मिनॉक्सिडिल मी चालूच ठेवलंय, कारण ठिपके केस गळणं थांबवत नाहीत आणि भोवतीचे केसच गेले तर ठिपके एकटे उघडे पडतील. दुसरी, मधे मी केस तपकिरी करून घेतले आणि खालचे करडे ठिपके मळासारखे दिसायला लागले. पुन्हा गडद रंगाकडे यावं लागलं. केसांचा रंग बदलायची हौस असेल तर आधी विचार करा.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येत असतील, तर कृपा करून इकडे वळू नका. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. माझ्या बहिणीने घाबरून तारीख घेतली होती, ती मी रद्द करायला लावली. वर्षाच्या आत तिचे केस पूर्ववत झाले.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण रानवाट दादांनी सांगितलं ते करायचं ठरवलं आणि ठरवायलाच आठवडा गेला.

डोकं भादरलं. खुर्चीत बसून नेहमीचं वाक्य तोंडात आलं, ते गिळलं आणि "शून्य नंबर, सगळीकडे" म्हणालो. झालर जमिनीवर पडताना डोळे मिटून घेतले. घरी येऊन दोन आरसे धरून व्रण बघितला. सात वर्षांत मी तो कधी पूर्ण पाहिलाच नव्हता, फक्त बोटांनी चाचपला होता.

पहिले चार दिवस कार्यालयात लोक बघत होते. दोघांनी व्रणाबद्दल विचारलं. मी "ऑपरेशन" एवढंच म्हणालो. तिसऱ्याने विचारलं तेव्हा खरं सांगितलं. तो स्वतःच्या कपाळावरून हात फिरवत पाच मिनिटं बोलत राहिला. सकाळची २० मिनिटं मोकळी झाली, तेव्हा मी आता नुसता खिडकीत उभा राहतो. भाचीने डोक्यावर हात फिरवला, व्रणावर बोट थांबवलं आणि विचारलं, "मामा, हे कधी लागलं?" म्हटलं, खूप आधी. "दुखतं?" म्हटलं, नाही. मग तिने हात उलटा करून बघितला, स्वच्छ होता.

तर आता मनात असं आहे की माथ्याचं काही करायचं नाही. भादरलेल्या डोक्यावर माथा रिकामा आहे हे मला फारसं खुपत नाही, याचं मलाच नवल वाटतं. व्रण मात्र खुपतो. फक्त व्रणावर ठिपके करून थांबता येतं का? की तेवढंच केलं तर ते विचित्र दिसेल?

रानवाट

येतं. उलट व्रणाभोवती खरे केस असतात, त्यामुळे ठिपक्यांना जोडीला खरा खुंट मिळतो आणि ते माथ्यापेक्षा चांगले मिसळतात. जायच्या आधी दोन दिवस मशीन फिरवू नका, म्हणजे आजूबाजूच्या खुंटाची छटा बघून रंग जुळवता येईल. तुमच्या व्रणाच्या खालच्या कडेला केस कोणत्या दिशेने वाढतात आणि किती दाट आहेत, त्यानुसार ठिपके सोडले नाहीत तर रेघेवर रेघ ओढल्यासारखं दिसतं, ते आधी बोलून घ्या. सुईदोरा ताईंनी सांगितलंय तसं, पहिल्या वेळी थोडेच ठिपके आणि मग सहा आठवडे थांबणं. माझ्या वेळी ते थांबणं झालं असतं तर तो निळा डाग पडला नसता.

आणि माथ्यासाठी कुणी तिथेच आग्रह केला, "एवढं करतोच आहोत तर वरचंही करू" म्हणालं, तर उठून या. वरचं पुढच्या वर्षीही करता येतं.